नववीचा पहिला धडा: व्हर्साय ते महाड

छत्तीसगडमधल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. रायपूरच्या मराठी घरांतली नववीतली मुलं सामाजिक शास्त्राचं पुस्तक घेऊन एकाच माणसाकडे येतात, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या दादाकडे नाहीतर ताईकडे. आजोबा भंडारा-गोंदियाकडून रेल्वेत किंवा भिलाईच्या कारखान्यात कामाला आलेले. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तकात पॅरिस. या दादा-ताईंनी वर्गात काय होणार याचा अंदाज आधीच घेऊन ठेवावा.

बहुतेक वर्गांत शिक्षक धडा वाचून दाखवतील, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला सांगतील, नकाशा भरून घेतील आणि सनावळ्या पाठ करायला लावतील. त्यात वाईट काही नाही, परीक्षा तशीच असते. अडचण आहे ती धड्यात असलेल्या पण वर्गात न उच्चारल्या जाणाऱ्या गोष्टींची.

एनसीईआरटीच्या ज्या पुस्तकातून अनेक वर्षं नववी शिकवली गेली, त्याचा पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा आहे. समाज तीन एस्टेटमध्ये विभागलेला. वरच्या दोन, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार, यांना जन्मानंच करमाफी आणि सगळा करांचा बोजा तिसऱ्यांवर. ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला सभा भरली. वरच्या दोन्ही एस्टेटचे प्रत्येकी ३०० प्रतिनिधी समोरासमोर बसले. तिसऱ्या एस्टेटच्या ६०० प्रतिनिधींना मागे उभं राहावं लागलं. शेतकरी, कारागीर आणि स्त्रियांना तर आत प्रवेशच नव्हता. मतं माणशी नाही, एस्टेटनुसार एकेक. म्हणजे वरचे दोघे मिळाले की मागे उभे असलेले ६०० कायम हरणार.

मागे उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. वर्गातल्या इतरांना मात्र सांगावं लागेल, आणि नेमकं तेच राहून जातं. 'जन्मावर आधारलेला समाज' ही ओळ फ्रान्सच्या नावावर लिहून घेतली जाते आणि पान उलटतं. कुणी विचारलंच तर उत्तर येतं, आपल्याकडची वर्णव्यवस्था ही कामाची विभागणी होती. बाबासाहेबांनी याचा समाचार १९३६ सालीच घेतला आहे: जात कामाची विभागणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांची करते, तीही एकावर एक रचून. 'जातिप्रथेचे विध्वंसन' घरात असेल तर ते पान काढून दाखवा.

त्याहून जवळचा दाखला महाडचा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी भाषणात व्हर्सायच्या याच सभेची आठवण काढली आणि समोरच्या परिषदेची तिच्याशी तुलना केली. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे नववीचा पहिला धडा आपल्या माणसांनी ९० हून अधिक वर्षांपूर्वी कोकणात, मैदानात बसून ऐकलेला आहे. पुढे १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी हेही स्पष्ट केलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाकडून घेतली. या दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगा. तुलना करणं वेगळं आणि उसनं घेणं वेगळं, हा फरक नववीच्या मुलाला कळतो.

याच धड्यात गुलामगिरीही येते. फ्रान्सनं १७९४ साली वसाहतींतली गुलामी रद्द केली, नेपोलियननं ती १८०२ साली परत आणली आणि कायमची गेली ती १८४८ साली. कॅरिबियनमधल्या गुलामांनी मात्र १७९१ मध्येच उठाव केला आणि १८०४ साली स्वतंत्र हैती उभा राहिला. वर्गात ही गोष्ट निघाली नाही तर घरी काढा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या माणसांना अर्पण केली, ती जगाकडे असंच नीट लक्ष ठेवून.

रायपूरच्या मुलांसाठी पुस्तकात आणखी एक धडा आहे, जंगल आणि वसाहतवादाचा. त्यात जावाच्या शेजारी बस्तर आहे: जंगल राखीव करण्याविरुद्धचा १९१० चा भूमकाल, नेथानारचा गुंडा धुर, आणि उठावानंतर राखीव जंगलाचं नियोजित क्षेत्र जवळपास निम्म्यावर आलं ही नोंद. बस्तर इथून एका रात्रीच्या बसवर आहे. वसतिगृहात राहणारी तिकडची मुलं याच वर्गात बसलेली असतात. अकरावीत मूळ रहिवाशांच्या विस्थापनाचा धडा येतो, अमेरिकेचा आणि ऑस्ट्रेलियाचा. तेव्हाही ती तिथेच असतात. या मुलांकडे कुणी वळून बघतं का, यावरून त्या वर्गाची पारख होते.

गेलं काय, हेही माहीत हवं. कपड्यांच्या सामाजिक इतिहासाचा एक धडा नववीत होता. त्यात त्रावणकोरमधल्या नाडार स्त्रियांचा अंग झाकण्याच्या हक्कासाठीचा लढा होता. १८५९ साली त्यांना परवानगी मिळाली, तीही सवर्ण स्त्रियांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. एनसीईआरटीनं २०१९ मध्ये हा धडाच काढून टाकला, सोबत क्रिकेटचा आणि शेतकऱ्यांचाही. कारण सांगितलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. इतक्या धड्यांतून नेमका हाच जड व्हावा, हे विशेषच म्हणायचं.

एक सावधगिरी. मुलाला वर्गात एकट्यानं लढायला पाठवू नका. गुण त्याचे जातात आणि टोमणे पुढे वर्षभर चालतात. परीक्षेत आधी पुस्तकातलं उत्तर पूर्ण लिहू द्या, मग शेवटी महाडची एक ओळ, तारखेसकट. तारीख बरोबर असली की ती खोडणं तपासणाऱ्याला अवघड जातं. वर्गात काही विचारायचं असेल तर ते प्रश्नाच्या रूपात, 'सर, त्या ६०० जणांना मागे का उभं केलं?' एवढंच. पालकसभेला मात्र तुम्ही जा, आई-बाबांना एकटं पाठवू नका. जाताना २०१९ च्या आधीची जुनी प्रत मिळाली तर पिशवीत ठेवा. गोल बाजारातल्या रद्दीवाल्यांकडे किंवा नात्यातल्या एखाद्या मोठ्या मुलाच्या पेटीत ती अजून सापडू शकते.