पाय घडवितो तो कोण?

आमच्या सातपाटीत होडी बांधतो तो सुतार, ती हाकतो तो तांडेल. पण माणसाचा पाय घडवितो तो कोण? प्रश्न माझा नव्हे, शेजारच्या तांडेलकाकांचा.

काकांना एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला होता. फुकट, शिवाय हार आणि फोटो! पुढे उरलेला पाय आकसला (पहिल्या काही महिन्यांत तो आकसतोच), खोबणी सैल झाली, कातडे सोलले. "मास्तर, हा पाय माझा नाय," म्हणून त्यांनी तो कोपऱ्यात उभा केला. पुन्हा माप घ्यायला शिबिर थोडेच थांबले होते!

हाजीअलीला 1955 पासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे. काकांना पालघरहून गाडीने तेथे नेले. एका तरुणाने भार कोठे सोसतो, कोठे नाही, हे बोटांनी चाचपून प्लॅस्टरचा नवा साचा घेतला. हातांबरोबर त्याचे तोंडही चालू होते. "सर, 1992 च्या कायद्याने नोंदणीवाचून हे काम करणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे. पण नोंदणी विचारतो कोण? आम्ही मागतो ते इतकेच, की ती विचारा, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात आमचा एक माणूस ठेवा."

जयपूर पायाचे डॉ. सेठी 1981 च्या मॅगसेसे पारितोषिकामुळे सर्वांना ठाऊक. तो घडविणारे कारागीर रामचंद्र शर्मा कितीजणांना?

काका आता वाळूतून चालतात. त्या पोराला पापलेटे पाठविताना विचारू लागले, "मास्तर, डब्यावर काय लिहू? डॉक्टर?"

मी मराठीचा एम. ए.; डोके खाजवीत राहिलो. शेवटी त्यांनीच लिहिले, 'पायवाले साहेब'.