हेडफोन गेला की गप्प बसा!

परवा संगणकावरून डॉक्टरांशी बोलत होते. विषय बाबांचा रिपोर्ट. बाबा शेजारीच पेपर वाचत होते, म्हणून मी नुसती ‘हो, हो’ करत होते. तेवढ्यात ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपली आणि डॉक्टरांचं पुढचं वाक्य थेट स्पीकरवर! आठवडाभर लपवलेलं बाबांना एका वाक्यात कळलं.

‘कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारून बदलायचं ना,’ म्हणाल. अहो, तोवर वाक्य बोलून झालेलं असतं! मोबाईलवर हेडफोन निघाला की बहुतेक वेळा गाणं आपोआप थांबतं. गाण्याला जमतं ते बोलण्याला का नाही? हेडफोन लावला म्हणजे ‘हे माझ्यापुरतं’ असं सांगितलंच की! तो गेला तर यंत्राने आधी गप्प बसावं, मग विचारावं.

असो. बाबा एवढंच म्हणाले, "आवाज वाढव जरा."