रस्ता तुझ्या बापाचा आहे काय?

हा प्रश्न मला नाही विचारला. एका पाववाल्याला विचारला.

जागा कुर्ला पश्चिम, एलबीएस मार्ग, कमानीच्या अलीकडे. वेळ सकाळी साडेसात. पाववाल्याच्या सायकलीला मागे लादीपावाची भलीमोठी पिशवी, पुढे हँडलला आणखी दोन. डाव्या कडेला टेम्पो उभे. टेम्पोंच्या अंगाला रिक्षा उभ्या. म्हणून हा मध्याकडे सरकलेला. मागून पांढरी मोटार आली. हॉर्न. परत हॉर्न. मग मोटारीचा आरसा हँडलला घासला. सायकल आडवी, माणूस आडवा, पाव डांबरावर.

मोटारवाला खाली उतरला. आधी आरसा बघितला. मग पाववाल्याची कॉलर धरली आणि तो प्रश्न विचारला – "रस्ता तुझ्या बापाचा आहे काय रे?"

मी मागेच होतो, माझ्या सायकलवर. मोटारीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरात लिहिलं होतं – जयभीम.

मी पुढे झालो. म्हटलं, "दादा, जयभीम. चूक तुमची आहे." तो ओळखीचं हसला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जयभीम भाऊ. तू नको मध्ये पडूस. हा आपला नाय. भय्या आहे."

आणि दोस्तहो, मी गप्प बसलो. खाली वाकून पाव गोळा करू लागलो. मोटार गेली. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, रस्ता बापाचा आहे. माझ्याही आणि त्या पाववाल्याच्याही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जे रस्ते झाले त्यांची खडी कुणी फोडली? सुकडीवर जगून, पोर झाडाखाली झोळीत टाकून, हातोडी कुणाच्या बायांनी चालवली? मोटारीत बसणाऱ्यांच्या नाही. माझी आजी त्या कामावर होती. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत काळंच राहिलं. पुढे आमची माणसं मुंबईला आली आणि त्याच रस्त्यांवर झाडू घेऊन उभी राहिली. ह्या शहराचे रस्ते पहाटे कोण झाडतं, गटारात कोण उतरतं, त्यांच्या जाती कोणत्या, हे मला सांगायला लावू नका. आणि कुर्ल्यात तर मोटारसुद्धा आम्हीच बनवली. प्रीमियरचा कारखाना इथेच होता. फियाट, मग प्रीमियर पद्मिनी, इथल्याच कामगारांनी जोडली. आमच्या चाळीतले दोघे तिथे होते. दिवसभर मोटारी जोडायच्या आणि संध्याकाळी सायकलवर टांग टाकून घरी यायचं. पद्मिनी बंद पडली, कारखान्याच्या जागेवर टॉवर उभे राहिले, प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली, तेव्हा पेपरवाल्यांनी ढसाढसा अश्रू ढाळले. टॅक्सीसाठी. जोडणाऱ्या हातांसाठी एक ओळ नाही.

मग मोटारवाल्याचा दुसरा मुद्दा येतो. आम्ही टॅक्स भरतो, सायकलवाला काय भरतो? हा शिकल्यासवरल्या लोकांचा आवडता डायलॉग. म्हणून नीट ऐका. मोटारीवरचा टॅक्स जातो राज्य सरकारकडे. कुर्ल्याच्या गल्ल्या आणि रस्ते बांधते महापालिका. २०१७ पर्यंत ती जकातीवर जगत होती, म्हणजे शहरात येणाऱ्या प्रत्येक पोत्यावर. आता जकात गेली, जीएसटी आला, राज्य सरकार तिची भरपाई देतं. पाववाला साबणाची वडी घेतो तेव्हा जीएसटी भरतो. त्याची सायकल रस्त्याला खड्डा पाडत नाही, धूर सोडत नाही, रात्रभर रस्त्यावर फुकटात उभी राहून अर्धी लेन खात नाही. हिशेबच करायचा तर पुरा करा. देणं कुणाकडे निघतं ते बघू.

आता बघा कुर्ल्यात सायकलवर कोण आहे. पाववाला. दूधवाला. भोंगा वाजवत येणारा इडलीवाला. किटली लटकवलेला चहावाला. गॅसचे सिलिंडर लादून नेणारा. सुऱ्यांना धार लावणारा. भंगारवाला. बीकेसीच्या काचेच्या इमारतींत रात्रपाळी करून मिठीच्या ह्या अंगाला झोपायला परतणारा वॉचमन. ह्यातला एकही तब्येतीसाठी सायकल चालवत नाही. त्याला हेल्मेट नाही, चकचकीत कपडे नाहीत, पाण्याची खास बाटली नाही. सायकल त्याचं दुकान आहे. रस्ता त्याची कामाची जागा आहे. गिरणीत मशीनवर जाळी नसली तर आपण युनियनवाले बोंब मारायचो. इथे कामगाराच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून दीड टनाचं लोखंड जातं, आणि आपण त्याला 'ट्रॅफिक' म्हणतो.

सरकार म्हणेल, आम्ही सायकलवाल्यांसाठी केलं की. केलं ना! २०११ साली एमएमआरडीएने बीकेसीत सायकल ट्रॅक केला. त्यावर मोटारी उभ्या राहिल्या. त्या हटवल्या नाहीत. मग २०२५ साली ठरलं की हा ट्रॅक कोणी वापरत नाही, काढून टाका, मोटारींना जादा लेन द्या. म्हणजे आधी तुमच्या ताटात माती टाकायची, मग म्हणायचं हा जेवत नाही, ताट उचला!

दुसरं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. तानसाची जलवाहिनी आपल्या बाजूने जाते – मुलुंड, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. तिच्या कडेच्या झोपड्या हायकोर्टाच्या हुकमाने तुटल्या. पाइपाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळे ठेवा. हुकूम पाण्याच्या सुरक्षेचा होता, सायकलीचा नव्हता, हे कबूल. पण मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर महापालिकेने काय जाहीर केलं? ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक. आणि माणसं कुठे गेली? माहुलला, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. तिथली हवा माणसाच्या तब्येतीला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच सांगितलं होतं. २०१८ साली ही माणसं परत येऊन विद्याविहारच्या पाइपलाइनपाशी रस्त्यावर बसली. आमची घरं माहुलात नकोत म्हणून. आता सांगा, त्या ट्रॅकवर कोण सायकल चालवणार होतं? जो पाइपाकडेला राहायचा आणि तिथून सायकलने कामाला जायचा तो? त्याला तर माहुलात नेऊन टाकला. त्याच्या चुलीच्या जागेवर दुसऱ्याचा व्यायाम!

बाकीच्या ठिकाणी ट्रॅकचं नाटकही नाही, सरळ बंदी. वरळीचा सागरी सेतू २००९ मध्ये झाला, सायकल बंद. कोस्टल रोड २०२४ मध्ये खुला झाला, सायकल बंद, मोटरसायकलही बंद. कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलीला मनाई केली होती. तिथे तेव्हा डाव्यांचं राज्य जाऊन दुसऱ्यांचं आलं होतं. पण मनाई जुनीच, २००८ पासूनची, फक्त रस्त्यांची यादी वाढली. झेंडा बदलला तरी सायकलवाल्याला हुकूम एकच – बाजूला हो.

बाजूला हो! दोस्तहो, हे दोन शब्द आपण पहिल्यांदा ऐकतोय का?

१९२४ मध्ये केरळात वायकोमला सत्याग्रह झाला तो कशासाठी? देवळात जाण्यासाठी नाही. देवळाच्या भोवतालच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती तहान लागली म्हणून नाही. जे सार्वजनिक आहे ते आमचंही आहे, एवढंच सांगायला. आणि वाहनाचं म्हणाल तर बाबासाहेबांनी ते अंगावर घेतलंय. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या ह्या लहान पोरांना कोणी गाडीवान मिळेना. शेवटी एक तयार झाला, दुप्पट भाड्यावर. अट काय? गाडी पोरांनीच हाकायची, तो पायी चालणार. १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या एका माणसाने हाकला, त्याला सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर, पण टांगा हाकणाऱ्याच्या लेखी कोण?

हे जुनं झालं असं वाटत असेल तर ॲट्रॉसिटी कायदा काढून वाचा. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. दलिताला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटरसायकल चालवण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. चपला घालण्यापासून आणि लग्नात घोड्यावर बसण्यापासून अडवणंही. देशाच्या संसदेला सायकल हा शब्द कायद्यात घालावा लागला. का? तर गावोगाव आपल्या पोरांना अजून सायकलवरून खाली उतरवतात, म्हणून.

म्हणून माझा त्या मोटारवाल्या भावावर राग आहे. त्याने मोटार घेतली म्हणून नाही. जरूर घ्यावी, मोठी घ्यावी. आपला माणूस स्टिअरिंगवर बसला की मला बरंच वाटतं. राग ह्याचा, की मोटारीबरोबर त्याने तो जुना आवाजही विकत घेतला. 'बाजूला हो' म्हणणारा. आणि वर 'हा आपला नाय' म्हणाला. आपला कोण? काचेवर निळं अक्षर आहे तो? की पहाटे चारला भट्टीपासून निघून तुझ्या पोराच्या डब्यातला पाव पोचवतो तो? जातीने छळलेला माणूस दुसऱ्याच्या पोटावर हॉर्न मारतो तेव्हा व्यवस्थेला काही करायचं उरत नाही.

आता आपल्या बाजूचंही बोलतो. सायकलवाले उलट्या दिशेने येतात. दिवा नसतो. सिग्नल तोडतात. परवा एका म्हातारीला धडक दिली, मी बघितलंय. हे चूकच. पायी चालणारा सायकलवाल्यापेक्षाही उघडा आहे, आणि त्याच्यासमोर आपणही मोटारवालेच होतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे पाचातला जवळपास एक. पण उलटं का येतात हेही विचारा. डिव्हायडर तोडायला जागा नाही, पुढचं वळण कुठच्या कुठे, पाठीशी मणभर ओझं. मोटारीला तो फेरा म्हणजे थोडं पेट्रोल. सायकलवाल्याला मांड्या.

आणि ९ डिसेंबर २०२४ ची रात्र विसरू नका. आपल्या एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ नंबरची बस माणसांत आणि गाड्यांत घुसली. नऊ जीव गेले. बस बेस्टच्या नावाची, मालकी कंत्राटदाराची, चालक कंत्राटी. त्याच्या अपुऱ्या ट्रेनिंगबद्दल पेपरांत भरपूर छापून आलं. फूटपाथ नाही म्हणून माणूस रस्त्यावर. रस्त्यावर जागा नाही म्हणून सगळे एकमेकांच्या अंगावर. खालचा खालच्याला चिरडतो, आणि ज्यांनी फूटपाथ खाल्ला, कंत्राट दिलं, ते तिथे नसतातच.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. एलबीएस मार्गाची आणि स्टेशनकडच्या रस्त्यांची डावी कड मोकळी करा, तिथे मोटार, टेम्पो काही उभं राहणार नाही. बाजाराच्या रस्त्यांवर ताशी ३० च्या वर वेग नको. कुर्ला स्टेशनला सायकल ठेवायला जागा द्या, कामगाराला परवडेल अशी. आणि ट्रॅकच्या नावाने एकही झोपडी हलता कामा नये. हे वॉर्ड ऑफिसात लिहून द्यायचं. तारीख-शिक्का घ्यायचा. नाही ऐकलं तर सायकली घेऊन वॉर्ड ऑफिसच्या दारात उभं राहायचं.

हे झालं सरकारशी. आपल्याशी आपलं काय? १४ एप्रिलला आपल्या मोटरसायकली निघतात, भोंगे वाजतात, रस्ता निळा होतो. छान वाटतं. यंदा रॅलीच्या पुढे सायकली ठेवूया. पाववाल्यांच्या, दूधवाल्यांच्या, वॉचमनच्या. त्यांची जात, त्यांचा जिल्हा न विचारता. मोटारी त्यांच्या मागून, त्यांच्या वेगाने येतील. एक दिवस हॉर्न न वाजवता चालून बघू. जमलं तर पंधरा एप्रिललाही जमेल.

तो पाववाला मला परत भेटला, त्याच रस्त्यावर. ओळखलं नाही त्याने. कशाला ओळखेल? गप्प बसणाऱ्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहतो? मी सायकल त्याच्या बरोबरीने घेतली, मोटारींच्या बाजूने, आणि कमानीपर्यंत तसाच गेलो. मागून हॉर्न आले. बाजूला झालो नाही.

बापाचा रस्ता आहे. त्याच्याही.

जयभीम.