प्रतिनिधि कोणाचा?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील पासलीचा अठरा वर्षांचा मुलगा आपल्या ग्रामपंचायतीचा पंच मत देऊन निवडतो. तोच पुण्याच्या कॉलेजांत आला कीं वर्गाचा प्रतिनिधि निवडण्यास नालायक कां ठरावा?

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानें, मागील परीक्षेंतील गुण पाहून प्राचार्यांनीं वर्गप्रतिनिधि नेमावा, असें ठरविलें. निवडणुकींत मारामाऱ्या होत, ही त्याची सबब. सबब खोटी नव्हती. पण नाकावर माशी बसली म्हणून कोणी नाक कापीत नाहीं. गुणपत्रिका बुद्धीची साक्ष देईल, सहाध्यायांच्या विश्वासाची नव्हे. आणि प्राचार्यांनीं नेमलेला प्रतिनिधि प्राचार्यांस जाब तो काय विचारणार?

२००६ सालीं लिंगडोह समितीनें किमान हजेरी, उमेदवारास पांच हजार रुपयांची खर्चमर्यादा इत्यादि निर्बंध सुचवून निवडणूक शुद्ध राखण्याचा मार्ग दाखविला. २०१६ च्या कायद्यानें अध्यक्ष, सचिव व विद्यार्थिनी-प्रतिनिधि यांच्या थेट निवडणुकीची तरतूदही केली. परंतु २०१९ सालीं ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीचें निमित्त सांगून पुढें ढकलण्यांत आल्या!

नियम असावेत, कडकही असावेत. मात्र ते निवडणूक घेण्याचे असावेत, टाळण्याचे नव्हेत, असें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.