घरचें चित्रभांडार

आमच्या आजोबांच्या घरीं माजघरांत एक लांकडी पेटी असे. तींत तांबड्या फडक्यांत बांधलेल्या पोथ्या ठेवलेल्या असत. जुन्या लेखनिकांची अशी रीति होती कीं, ग्रंथ संपल्यावर शेवटच्या पानावर ते वाचणारास विनवीत : या पोथीस तेलापाण्यापासून सांभाळावें आणि अडाण्याच्या हातीं ती पडूं देऊं नये. ग्रंथ लिहिण्यास जितके श्रम पडतात, तितकेच तो टिकविण्यासहि पडतात, हें त्या लोकांस ठाऊक होतें. आज घराघरांत पोथीच्या जागीं चित्रें आलीं, तीं हलूं लागलीं, बोलूं लागलीं. परंतु तीं सांभाळण्याची विद्या मात्र आपण पोथ्यांबरोबर माळ्यावर टाकून दिली कीं काय, असें आम्हांस हल्लीं वाटूं लागलें आहे. असें वाटण्यास एक घरगुती कारण घडलें.

आमच्या धाकट्या भगिनीच्या कन्येचा विवाह यंदा ठरला. मुलगी सुशील व बोलकी आहे. केळवणास आमच्याकडे राजुरास आली असतां रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें आम्हांस विचारिलें, "मामा, आजीचा आवाज कसा होता हो?" आमच्या मातुःश्री १९९८ सालीं निवर्तल्या, भाचीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षींचा. आजीचीं छायाचित्रें तिनें पाहिलीं होतीं, पण आवाज कधींच ऐकला नव्हता. आम्ही मोठ्या ऐटींत उत्तर दिलें, "थांब, तुझ्या आईच्या लग्नाची फीत आपल्या घरीं आहे. १९९१ सालचें सर्व कार्य तींत आहे, आणि आजीहि आहे."

ऐट फार वेळ टिकली नाहीं. २००६ सालीं आम्हीं ती फीत एका दुकानदाराकडून चकतीवर उतरवून घेतली होती. ही चकती जन्मभर जाईल, असें त्यानें सांगितलें आणि आम्हीं तें वेदवाक्य मानिलें. मूळ फीत लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिली आणि विसरलों. आतां चकती यंत्रांत घातली तों यंत्र नुसतें फिरत राहिलें. चित्र नाहीं, आवाज नाहीं. कपाटावरची फीत काढून पाहिली, तर तिच्या कडेला पांढरी बुरशी चढलेली. राजूर हें कोळशाच्या खाणींचें व चुन्याच्या भट्ट्यांचें गांव. काळी व पांढरी अशा दोन्ही धुळी येथें नांदतात. त्यांत वैशाखांतील ऊन आणि श्रावणांतील ओल, यांच्यामध्यें ती बिचारी तीस वर्षें पडून होती. दोष दुकानदाराचा थोडा, आमचा पुष्कळ. एकाच प्रतीवर विसंबून राहूं नये, हें आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविलें आणि स्वतःच्या घरीं पाळलें नाहीं.

भाची कांहीं बोलली नाहीं. "असूं द्या मामा," एवढेंच म्हणाली. तें आम्हांस अधिक लागलें.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नाहीं. देशाचाहि असाच आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालच्या मे महिन्यांत मुंबईस लोकांनीं पाहिला. त्या चित्रपटाचा आज कांहीं भागच उरला आहे. १९३१ सालीं आलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट, त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. कोणी जाळला नाहीं, कोणी बंदी घातली नाहीं. जपला नाहीं म्हणून गेला. मराठीच्या सुदैवानें प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) शिल्लक राहिला, आणि आज पाहतां येणारा सर्वांत जुना मराठी बोलपट तोच होय. चित्रपट जपण्यासाठीं सरकारनें १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय काढिलें. त्याचे आरंभींचे व्यवस्थापक पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं रिळें गोळा केलीं. तरीहि ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागून नायट्रेटच्या कितीतरी फिती भस्मसात् झाल्या. जुन्या फिती नायट्रेटच्या असत आणि तें द्रव्य स्वभावतःच ज्वालाग्राही. जेथें सरकार, तज्ज्ञ व कोठारें असूनहि असें घडतें, तेथें लोखंडी कपाटाच्या डोक्यावर काय होणार?

म्हणून या महिन्यांत आम्हीं घरचें चित्रभांडार नीट मांडावयाचें मनावर घेतलें. त्यांतील अनुभव वाचकांपुढें ठेवितों. कोणास उपयोग झाल्यास श्रम सार्थकीं लागतील.

प्रथम शंका अशी निघते कीं, दरमहा वर्गणी भरली असतां हवा तो चित्रपट घरीं दिसतो. मग संग्रह कशाला? शंका योग्य आहे, पण अपुरी आहे. वर्गणीचे चित्रपट म्हणजे भाड्याचें बिऱ्हाड. मालकाचा व चित्रपटवाल्यांचा करार संपला कीं आज दिसणारा चित्रपट उद्यां दिसेनासा होतो. शिवाय आपल्या घरचें लग्न, मुंज, आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन हें कोणत्याच वर्गणींत मिळत नाहीं. नवे करमणुकीचे चित्रपट भाड्यानें पाहावे. जे पुन्हां पुन्हां पाहावयाचे, मुलांस दाखवावयाचे, ते विकत घ्यावे. आणि जें जगांत दुसरीकडे कोठेंच नाहीं, तें तर सर्वांआधीं जपावें. हा क्रम आम्हांस युक्त वाटतो.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. भाचीचा थोरला बंधु पुण्यास नोकरीस असतो. आमची तळमळ पाहून तो एक लहानशी हार्ड डिस्क घेऊन आला व म्हणाला, "मामा, यांत दोन हजार सिनेमे आहेत. तुमचें काम झालें!" मुलाचें प्रेम खरें, परंतु त्या दोन हजारांपैकीं एकहि त्यानें विकत घेतलेला नव्हता. आम्हीं त्यास विचारिलें, "यमांमध्यें अस्तेय कां घातलें आहे, सांग पाहूं?" तो हंसला. मग आम्हीं कायदाहि सांगितला. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरील हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें चालतो. १९५३ चा 'श्यामची आई' घेतला, तर त्याची मुदत २०१३ च्या अखेरीस संपली. मात्र कथा व गीतें यांच्या हक्कांचा हिशेब निराळा असतो. अलीकडचा चित्रपट फुकट उतरविणें म्हणजे ज्यांनीं तो घडविला, त्यांच्या ताटांतला घांस काढून घेणें होय. आणि चोरीचें एक बाजूस ठेविलें, तरी दोन हजार चित्रपट पाहणार कोण? रोज एक पाहिला तरी साडेपांच वर्षें लागतील. यमांमध्यें अस्तेयाबरोबर अपरिग्रहहि सांगितला आहे, तो उगाच नव्हे. मुलानें ती डिस्क घरीं नेली, रिकामी केली, आणि पुढच्या खेपेस आमच्या संग्रहासाठीं आणून दिली. त्याचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

आतां प्रत्यक्ष कृति. घरांत विकत घेतलेल्या चकत्या निघाल्या त्या चौऱ्यांशीं. डीव्हीडीच्या एका थराच्या चकतींत ४.७ गिगाबाईट व दोन थरांच्या चकतींत ८.५ गिगाबाईट मावतात. म्हणजे एक टेराबाईटच्या डिस्कवर अशा शंभराहून अधिक चकत्या जशाच्या तशा बसतात, आणि आकार आटोपशीर केल्यास कितीतरी जास्त. जुन्या व्हीसीडींचें चित्र मुळांतच अंधुक, ३५२ बिंदु रुंद व २८८ बिंदु उंच. तें मोठ्या पडद्यावर खुलत नाहीं, म्हणून असे चित्रपट चांगल्या प्रतींत पुन्हां मिळत असल्यास तेच घ्यावे. दाखविण्यासाठीं आरंभीं कांहींच खटपट नको. डिस्क दूरचित्रवाणीच्या यूएसबी खांचेंत लावली कीं काम चालतें. पुढें हौस वाढल्यास जेलीफिन नांवाची फुकट मिळणारी आज्ञावली घरच्या जुन्या संगणकावर बसवावी. ती चित्रपटांची सचित्र यादी करिते आणि घरांतील वायफायवरून स्वयंपाकघरांत, ओसरीवर, जेथें पाहिजे तेथें चित्रपट पोंचविते. आमच्या भाच्यानें ती एका दुपारीं बसविली.

यंत्रापेक्षां शिस्त महत्त्वाची. प्रत्येक चित्रपटाचें नांव व त्यापुढें साल, असेंच नांव द्यावें. साल कशास, असें कोणी म्हणेल; तर 'श्यामची आई' या नांवाचा एक चित्रपट आचार्य अत्र्यांचा १९५३ चा आहे व दुसरा २०२३ चा आहे. नुसतें नांव लिहिणारा एक लावावयास जाऊन दुसरा लावील. शाळेच्या ग्रंथालयांत जशी दाखल-नोंदवही असते, तशीच एक कागदी वही आम्हीं घातली आहे : दाखल क्रमांक, नांव, साल, भाषा, कोठून घेतला, कोणत्या डिस्कवर आहे. घरच्या चित्रांसाठीं एक रकाना जास्त ठेविला आहे, त्यांत कोण कोण दिसतें तें लिहावयाचें. हें काम म्हाताऱ्या माणसांच्या हयातींतच व्हावें. अहो, १९९१ च्या पंगतींतील अर्ध्या माणसांचीं नांवें आज आम्हीच सांगूं शकतों. आमच्यामागें तीं केवळ अनोळखी पाहुणे होतील.

प्रतींचा नियम तज्ज्ञांनीं सोपा करून ठेविला आहे : तीन प्रति, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या ठिकाणीं. आमच्या घरच्या चित्रांची एक प्रत डिस्कवर राजुरास, एक पेन ड्राईव्हवर कपाटाच्या आंत (डोक्यावर नव्हे!), आणि एक डिस्क पुण्यास भाच्याकडे. चित्रपटांस दोन प्रति पुरतात, कारण ते बाजारांत पुन्हां मिळूं शकतात. डिस्क चालूं असतां हलवूं नये, उन्हाच्या खिडकींत ठेवूं नये, आणि वीज वरचेवर जाणाऱ्या गांवीं संगणकास यूपीएस जोडावा. वर्षांतून एकदां, दसऱ्यास शस्त्रपूजन होतें त्या दिवशीं, प्रत्येक प्रत उघडून पाहावी. प्रत आहे ही समजूत आणि प्रत चालते हा अनुभव, यांत फार अंतर आहे. तें आम्हीं पदरमोड करून शिकलों.

निवडीविषयीं प्रत्येकाची रुचि वेगळी. आमच्या सूचींत 'संत तुकाराम' (१९३६) आहे. हा चित्रपट १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत गौरविला गेला, आणि घरांतील पांच वर्षांचें मूलहि तो पाहतांना उठत नाहीं. फाळक्यांची खटपट मुलांस कळावी म्हणून 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) ठेविला आहे. आमच्या सौभाग्यवतींस हिंदी गाण्यांचे चित्रपट हवे होते, आम्हीं कपाळास आठी घातली, तेव्हां त्या म्हणाल्या, "भांडार घरचें कीं मास्तरांचें?" ते चित्रपट दाखल झाले आहेत.

आतां फितीचें काय झालें तें सांगून आटोपतों. फीत चालविणारीं यंत्रें आतां कोणी बनवीत नाहीं. जपानांतील फुनाई कंपनीनें तें काम २०१६ सालीं थांबविलें, तेव्हां ती शेवटचीच होती. बुरशीची फीत तशीच यंत्रांत घातल्यास फीतहि जाते आणि यंत्रहि बिघडतें, म्हणून घरीं प्रयोग न करितां भाच्यानें ती नागपुरास एका जाणत्या कारागिराकडे नेली. त्यानें ती हलक्या हातानें पुसून उतरविली. तीन तासांपैकीं जेमतेम पावणेदोन तास हातीं लागले. मुहूर्ताची वेळ गेली, मंगलाष्टकें गेलीं, सप्तपदीहि गेली. भगिनीस याचें वाईट वाटलें, आणि आम्हीं तिची क्षमा मागितली.

पंगत मात्र राहिली. तींत मातुःश्री हातांत तुपाचें भांडें घेऊन वाढीत येतात. चित्रें घेणारा मुलगा यंत्र त्यांच्याकडे वळवितो, तशा त्या पदर सांवरतात आणि म्हणतात, "माझें काय काढतोस रे, नवरीचें काढ." मग पंगतीकडे वळून, "सावकाश होऊं द्या हं सगळ्यांचें." एवढेंच. सारें मिळून अर्ध्या मिनिटाचेंहि नाहीं.

भाचीनें तें पांच वेळां लावून पाहिलें. मग आपल्या आईकडे वळून म्हणाली, "आई, तूंहि अगदीं अश्शीच म्हणतेस." भगिनी डोळ्यांस पदर लावून आंत गेली.

वाचकहो, तुमच्याहि घरीं अशी एखादी फीत कपाटाच्या डोक्यावर असेल. पंगतींत सावकाश होऊं द्यावें हें खरें. या एका कामांत मात्र सावकाश होऊं देऊं नये.