फॅट लागते, ताप लागत नाही

संकलन केंद्रावर किटली टेकली की दुधाची कुंडली निघते. फॅट, एसएनएफ, पाणी, कधी युरिया. पॉइंटवर दर ठरतो, पॉइंटवरून भांडणंही होतात. पण गाईला ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, आहे का, हे तिथं कुणी बघत नाही.

चाचणी अवघड असती तर गोष्ट वेगळी. थोड्या दुधात रंगवलेल्या मृत जिवाणूंचा थेंब टाकून ते ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. दुधात प्रतिपिंडं असतील तर रंग सायीबरोबर वर चढतो आणि निळं-जांभळं कडं धरतं. हीच मिल्क रिंग टेस्ट. कॅनमधल्या एकत्रित दुधावरही ती चालते. दगडी झालेल्या गाईचं दूध किंवा चीक तिला फसवतो, त्यामुळे तिच्या भरवशावर एका गाईवर शिक्का मारता येत नाही. रक्ततपासणी आधी कुठल्या वस्तीत न्यायची, एवढं मात्र ती सांगते.

शहरातल्या ग्राहकानं घाबरू नये. ७२ अंशांवर १५ सेकंद तापलेलं दूध तो घरी पुन्हा उकळतो. (धारोष्ण दुधाचे गोडवे गाणाऱ्यांनी निदान गाईचा रिपोर्ट मागावा.) खरा धोका गोठ्यात आहे. दिवस भरत आलेली गाय गाभडते, वार अडकते आणि घरातली बाई उघड्या हातांनी ती ओढून काढते. पुढे तिला येऊनजाऊन ताप येतो, कंबर धरते, सांधे दुखतात. टायफॉइड म्हणून, मलेरिया म्हणून औषधं होत राहतात. या दुखण्याला दोन प्रतिजैविकं सहा आठवडे घ्यावी लागतात, पण आधी कुणाला संशय तर यायला हवा!

२०१९पासून केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना लस देतात. उत्तमच. पण ती उद्याच्या गाईंसाठी. आज दावणीला असलेल्यांचं काय?

शेतकरी तपासणीला का बिचकतो, हे उघड आहे. गाय बाधित निघाली तर दूध नाकारलं जाईल, हप्ते थकतील. मग ती गुपचूप बाजारात जाते आणि रोग दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सरकारनं भरपाईची रक्कम आणि अशा गाई ठेवण्याची जागा जाहीर करावी, दूध संघानं दर कापणार नाही असं लेखी द्यावं आणि त्यानंतरच कॅनमध्ये नमुन्याची पळी घालावी.