परत आलेले पत्र वाचतो कोण?

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने ई-मेलच्या सर्व्हरवर लेख लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. मराठी विशेष घेतलेल्या मुलीने कवितेवर लिहावे, फार तर स्त्रीशिक्षणावर! पण गेल्या वर्षी जे मी डोळ्यांनी पाहिले आणि ज्यात माझाही दोष होता, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय हा प्रश्न यंत्राचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. आणि वाचन हा तर आपलाच प्रांत.

होतकरू मुलींना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या कचेरीत मी रोज दुपारी दोन तास काम करते. संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. म्हणजे काय, तर कपाटाशेजारी एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो आणि संस्थेच्या नावाचे सारे टपाल त्याच्यामार्फत येते-जाते. गेल्या जुलैत मुलाखतीची पत्रे ई-मेलने पाठवली. बहुतेक पत्रे पहिल्या खेपेत गेली. छाननीत मागे राहिलेली पाच पत्रे आठवड्याने गेली. जावक बारनिशीत साऱ्यांची नोंद झाली. मुलाखतीच्या दिवशी मात्र सात मुली आल्याच नाहीत. समितीतील एक वयस्क सभासद म्हणाले, "हल्लीच्या मुलींना कशाची गरजच राहिलेली नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि यादीतील सात नावांवर काट मारली गेली.

दोन दिवसांनी त्यांतली एक मुलगी वडिलांना घेऊन कचेरीत आली. तिने विचारले, "ताई, मुलाखत कधी आहे?" माझ्या पोटात गोळा आला, कारण मला काहीतरी आठवले होते. कचेरीच्या इनबॉक्समध्ये काही इंग्रजी पत्रे आली होती. मजकूर लांबलचक, मध्येच आकडे, पाठवणाऱ्याच्या जागी माणसाचे नाव नाही. मी कचेरीतल्या काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, ती मशीनची पत्रं. काढून टाकायची असतात." मी काढून टाकली. तीन वर्षे ज्या मुलीने कवितेतील एकेका शब्दाचा अर्थ लावण्यात घालवली, तिने ती पत्रे एकदाही वाचली नाहीत!

कचऱ्याच्या पेटीतून ती पत्रे बाहेर काढली. संगणक विभागातील सर मदतीला आले. ते म्हणाले, "घाबरू नकोस, पोस्टमनचा शेरा वाचतेस असं समज." आणि खरोखरच ते तसेच निघाले. कागदी पत्र परत येई तेव्हा त्यावर 'पत्ता अपुरा', 'मालक सापडत नाही', 'घेण्यास नकार' असा शेरा असे. ई-मेलचा शेरा आकड्यांत असतो, एवढाच फरक. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली या टपालपद्धतीचे नियम लिहिले, त्यांतच हे आकडे आहेत. पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा. २ म्हणजे पत्र घेतले. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. अशा वेळी आपला सर्व्हर स्वतःच पुन्हापुन्हा खेपा घालतो आणि साधारण चार-पाच दिवसांनी हात टेकतो. ५ म्हणजे कायमचा नकार; पत्र तसेच्या तसे पुन्हा पाठवून उपयोग नाही, आधी कारण दूर केले पाहिजे.

आम्ही एकेक पत्र वाचत गेलो. एकावर ५.१.१ होते: या नावाचे इथे कोणी नाही. मुलीचा हाताने भरलेला अर्ज काढून पाहिला. तिने एकचा आकडा काढला होता, आम्ही इंग्रजी एल हे अक्षर टाइप केले होते. चूक आमची. दुसऱ्यावर ५.२.२ होते: पेटी भरलेली आहे. तिला फोन करणे हाच उपाय होता. उरलेल्या पाचही पत्रांवर एकच शेरा, ५.७.२६, आणि पाचही जीमेलकडून परत आलेली. त्याचा अर्थ असा, की पाठवणारा तो स्वतः म्हणवतो तोच आहे याची खात्री पटत नाही.

याचे कारण उमगायला सर्व्हरची रोजनिशी चाळावी लागली. सर्व्हर प्रत्येक पत्राची वेळेसह नोंद ठेवतो. पहिल्या खेपेला जीमेलने काही हरकत घेतली नव्हती. दुसऱ्या खेपेला घेतली. दोन्हींच्या मध्ये काय घडले होते? कचेरीने ब्रॉडबँड बदलला होता आणि त्याबरोबर सर्व्हरचा इंटरनेटवरील पत्ताही बदलला होता. संस्थेच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, याची एक जाहीर यादी असते. तिला एसपीएफ म्हणतात. आमच्या यादीत जुनाच पत्ता राहिला होता आणि ओळख पटवणारी दुसरी डिजिटल सही आमच्या पत्रांवर नव्हती. तोतयांचा सुळसुळाट झाल्यामुळे फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी या बाबतीतले नियम अधिक कडक केले आहेत. म्हणजे दारवानाने ओळखपत्र मागितले आणि आम्ही जुने दाखवले. दोष दारवानाचा नाही. सरांनी यादी दुरुस्त केली, काही तास थांबून आधी स्वतःलाच एक चाचणीचे पत्र पाठवले, ते पोचल्यावर मग बाकीची पाठवली. एकूण काम एका दुपारचे!

आता माझा मुद्दा. आपल्या कचेऱ्यांत 'जावक' असा शिक्का बसला की कर्तव्य संपले, असे मानले जाते. पत्र गेले, पोचले नाही तर तो घेणाऱ्याचा आळस. यंत्राचे नियम याहून अधिक सचोटीचे आहेत. एखाद्या सर्व्हरने पत्र घेतले असे एकदा म्हटले की जबाबदारी त्याची: त्याने ते पोचवावे, नाही तर पोचले नाही म्हणून पाठवणाऱ्याला कळवावे. आमच्या सर्व्हरने हे इमानेइतबारे केले होते. सात वेळा सांगितले, कारणासह सांगितले. बहिरे होतो ते आम्ही. आणि आमच्या बहिरेपणाचा दंड कोणाला झाला? ज्या मुलींनी कसलाच अपराध केला नव्हता त्यांना. वर 'गरज नाही' हा शेराही त्यांच्याच नावावर.

कोणी म्हणेल, हे तंत्रज्ञाचे काम आहे, कारकुनाने किंवा विद्यार्थ्याने यात का पडावे? यादी दुरुस्त करणे तंत्रज्ञाचे काम आहे, हे मान्य. पण परत आलेले पत्र उघडणे, त्यातील कारणाची ओळ शोधणे आणि ज्याला कळते त्याच्याकडे ती नेणे, याला फक्त वाचता यावे लागते आणि वाचण्याची इच्छा असावी लागते. आपण कलाशाखेचे विद्यार्थी उद्या शाळांत, बँकांत, पंचायतींत बसणार आहोत. आपल्या हातून सूचना जातील, आदेश जातील. त्यांतल्या परत आलेल्या कोण वाचणार, हे प्रत्येक कचेरीने नाव घालून ठरवले पाहिजे. ते कोणाचेच काम नसेल तर ते होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

समितीने मोठ्या मनाने चूक मान्य केली आणि मुलाखतीसाठी दुसरा दिवस ठेवला. त्या दिवशी सहा मुली आल्या. सातवी आली नाही. या वेळी तिचे पत्र परत आले नव्हते. सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे ते पलीकडे घेतले गेले होते. पण सर्व्हरने घेतले म्हणजे माणसाने वाचले, असे होत नाही. ते स्पॅमच्या पेटीत पडले असेल, किंवा तोवर तिने आशाच सोडली असेल. अर्जावरचा फोन शेजाऱ्यांचा होता, तो लागला नाही.

आता आमच्या कचेरीत आवक आणि जावक यांच्या शेजारी 'परत' अशी तिसरी वही आहे. ती रोज भरण्याचे काम मी मागून घेतले आहे. तिच्या पहिल्याच पानावर सात नावे आहेत. सहांपुढे 'पोचले' असा शेरा आहे. सातव्या नावापुढचा रकाना मी अजून कोरा ठेवला आहे.